३२ पानं गायब होती अन् मला पत्ताच नाही: ‘इफ देअर बी थॉर्न्स’, पाच महिन्यांनंतर

हा व्ही. सी. अँड्र्यूजच्या कादंबरीमालेतला तिसरा भाग. आधीच सांगून देते, पहिले दोन भाग ज्यांनी वाचले नसतील त्यांनी इथूनच परत फिरा, मी काही लपवणार नाही आहे. माळ्यावर कोंडलेली ती चार पोरं, ती आजी, ती विष कालवलेली पिठीसाखर भुरभुरलेली डोनट्स, सगळं माहीत आहे असं धरूनच लिहून राहिली.

तर गुढीपाडव्याच्या सेलमध्ये चार पुस्तकांचा संच मागवला, ११४९ रुपये. घरी सांगितलं ५००, ते वेगळं. म्हणजे एक पुस्तक पडलं साधारण २८७ ला. पैसे आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे हिशोब लागणार आहे.

एवढे पैसे टाकायचं कारण जुनं आहे. आम्ही शाळेत होतो तेव्हा नागपुरात धरमपेठेत एक भाड्याची लायब्ररी होती, दिवसाला दोन रुपये. ‘फ्लॉवर्स इन द अॅटिक’ मी दहावीच्या चाचणीच्या आदल्या दोन रात्रींत वाचलं, भूगोलाच्या पुस्तकाचं कव्हर घालून. ‘पेटल्स ऑन द विंड’ तीन रात्रींत. अन् तिसरा भाग कधीही विचारा, काका रजिस्टरातून मान वर न करता सांगायचे, बाहेर गेलं आहे. कोण्या सभासदानं नेलं ते नेलंच. मग लायब्ररी बंद झाली, लग्न झालं, नोकरी, पोरं, पण डोक्यात ते ‘बाहेर गेलं आहे’ तीसेक वर्षं बसून होतं. इतकी वाट पाहिल्यावर पुस्तक कसंही असतं तरी कमीच पडलं असतं असं आमचे हे म्हणतात. पण त्यांनी वाचलं नाही आहे.

मे महिन्यात घेतलं हातात. दुपारी बाहेर ४५, खोलीत कूलर, पानं दमट होऊन एकमेकांना चिकटून राहिली होती, वाळ्याचा वास येऊन राहिला होता, म्हणजे वातावरण अगदी झकास. अन् तरी मला ते पुस्तक संपवायला तीन आठवडे लागले. चार पानं वाचायची, टाकीत पाणी आहे का पाहून यायचं, परत चार पानं. पहिला भाग वाचताना कोणी घराला आग लावली असती तरी मी उठली नसती.

जूनमध्ये ते ताईला दिलं. ताई अकाउंट्सवाली, खुणेला कागद ठेवत नाही, पान नंबर लक्षात ठेवते. आठव्या दिवशी फोन. “काहून गं, १९२ नंतर एकदम २२५ कसं?”

मी म्हटलं चष्मा लाव. ती म्हणे लावलेलाच आहे. संध्याकाळी तिच्याकडे जाऊन पाह्यलं तर खरंच, १९३ ते २२४ नाहीतच. फाटलेली नाहीत, शिवणीतून निघालेली नाहीत, बांधतानाच अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र शिवायचा पानांचा गठ्ठा, राहिला. ३२ पानं. अन् मी ते पुस्तक शेवटापर्यंत वाचलं होतं, वरून शेजारच्या वहिनींना ‘ठीक आहे, जरा लांबवलंय’ असा अभिप्रायही देऊन झाला होता!

ताईनं विचारलं, “वाक्य तर तुटलं असेल न मधातच?” तुटलं होतं न. पण हा भाग त्या चौघांतल्या कॅथीची दोन पोरं आलटूनपालटून सांगतात, एक प्रकरण जोरीचं, एक बार्टचं. जोरी १४ वर्षांचा, सरळ बोलतो. बार्ट ९ वर्षांचा, तो अर्ध्यातून सुरू करतो, अर्ध्यात सोडतो, कर्ता गिळतो, क्रियापद हरवतो. मला वाटलं बार्टचंच चालू असेल. माझ्या मते या पुस्तकाचं परीक्षण इथंच संपायला हवं, पण पैसे दिलेत त्यामुळे पुढे लिहिते.

कस्टमर केअरची गंमत ऐका. रिटर्न सात दिवसांत, मला कळलं तिसऱ्या महिन्यात. चॅटवर आधी यंत्र, मग माणूस, का दुसरं यंत्र, देव जाणे. प्रश्न पहिला, प्रॉडक्ट वापरलेलं आहे का? आता पुस्तक वाचलं म्हणजे वापरलं का? मी लिहिलं, वाचलं आहे, त्याशिवाय कळणार कसं. ते म्हणे मग वापरलेलं. प्रश्न दुसरा, खराब भागाचा फोटो पाठवा. बाप्पा, जे नाहीच आहे त्याचा फोटो कसा काढू? १९२ अन् २२५ शेजारी शेजारी दिसतील असा काढून पाठवला, उत्तर आलं की फोटोत कोणतंही नुकसान दिसत नाही. चार दिवस हे चाललं. शेवटी वॉलेटमध्ये ५० रुपये टाकले, मुदत ३० दिवस, अन् किमान खरेदी ४९९ ची. मी हिशोब केला होता, पावणेचारशे पानांचं पुस्तक २८७ ला, म्हणजे ३२ पानांचे होतात साडेचोवीस रुपये. तेवढे नगद दिले असते तर मी गप्प बसली असती.

या भांडणाच्या नादात लेखिकेबद्दल वाचत बसली. व्ही. सी. अँड्र्यूज, व्हर्जिनियातली बाई, तरुणपणापासून कुबड्या अन् व्हीलचेअर, १९७९ साली पहिलं पुस्तक आलं तेव्हा वय ५६. लगेच १९८० ला दुसरं, १९८१ ला हे तिसरं. तिघांच्या तारखा एका ओळीत लिहून पाहा, घाई दिसते न? चौथं १९८४ ला, अन् १९८६ च्या डिसेंबरात बाई गेली. पण पुस्तकं येतच राहिली, तिच्या नावानं अँड्र्यू नायडरमन नावाचा माणूस लिहू लागला. मग तिकडच्या इन्कम टॅक्सवाल्यांनी म्हटलं की हे नाव हीच मालमत्ता आहे, त्यावर कर भरा. प्रकरण कोर्टात गेलं अन् १९९४ मध्ये कोर्टानं नुसत्या नावाची किंमत सात लाख डॉलरवर धरली. वारशासाठी खून पाडणारी घराणी जिनं रंगवली तिच्याच वारसाहक्काची अशी केस. हे मला त्या तिसऱ्या भागापेक्षा जास्त रंगतदार वाटलं, खोटं कशाला बोलू.

आता पुस्तकाकडे येते. माझी मुख्य तक्रार कुलपाची आहे.

पहिला भाग आठवा. भीती कशाची होती? भुताची नाही. सकाळी आजी एक टोपली आणून देते, दिवसभराचं खाणं त्यातच, पोरांनी ते वाटून पुरवायचं, दूध किती, सँडविच किती, जुळ्यांना आधी कोणतं. नियमांची यादी हातात दिलेली. किल्ली आजीजवळ. मग थोरला ख्रिस साबणाच्या वडीवर किल्लीचा ठसा घेतो अन् लाकडाची किल्ली कोरतो, तिथं मी खरंच श्वास धरला होता. सगळं मोजण्यावर चाललंय. दिवस मोजा, घास मोजा, पायऱ्यांवरची पावलं मोजा. काटकसर करणाऱ्या माणसाला हे पुस्तक आतून कळतं. अन् वरचा तो माळा! आपल्याकडे मे महिन्यात टिनाखालच्या माळ्यावर लोणच्याची बरणी काढायला पाच मिनिटं चढलं तरी जीव घाबरतो, अन् तिथं ही पोरं तीन वर्षांवर.

तिसऱ्या भागात कुलूपच नाही. सगळे कॅलिफोर्नियात, ऊन, बाग, पोहायचं पाणी. शेजारच्या मोठ्या बंगल्यात काळ्या कपड्यातली, तोंडावर बुरखा घेतलेली एक म्हातारी राहायला येते. बार्ट भिंत ओलांडून जातो, आइस्क्रीम खातो, लाड करून घेतो, परत येतो. कोणीही कुठेही जाऊन राहिलं. अन् ती म्हातारी कोण (त्या चौघांची आई, म्हणजे बार्टची आजी) हे आपल्याला पहिल्या वीस पानांतच कळतं, दोन भाग वाचलेत न आपण. आईबाप खरे कोण, त्यांचं आपसातलं नातं काय (कॅथी अन् ख्रिस, सख्खे बहीणभाऊ), हे जोरी-बार्टला माहीत नाही पण आपल्याला माहीत आहे. मग तीनशे पानं आपण करतो काय, तर आपल्याला जे माहीत आहे ते पोरांना कळायची वाट पाहत बसतो. लग्नाच्या पंगतीत आपलं जेवण झाल्यावर शेजारच्याचं होईपर्यंत बसावं लागतं न, अगदी तसं.

शेवटाकडे तो जॉन अमॉस नावाचा बटलर आई अन् आजी दोघींना तळघरात कोंडतो तेव्हा पुस्तक खडबडून जागं होतं. कारण तिथं परत दार, कडी, आत कोण अन् बाहेर कोण. पण किती उशिरा! अन् लगेच आग. दुसऱ्या भागाच्या शेवटीही आगच होती. आमच्याकडे सिलिंडरवाला इतक्यांदा येत नाही.

ती ३२ पानं शेवटी मिळाली. ताईच्या मैत्रिणीकडे जुनी प्रत निघाली, पिवळी पडलेली, आम्ही दोघी सीताबर्डीवर जाऊन झेरॉक्स काढून आणली. एका कागदावर दोन पानं, १६ कागद, २ रुपये कागद, झाले ३२. म्हणजे साडेचोवीसच्या मालाला ३२ रुपये, वर ऑटो. रात्री वाचली. काही चुकलं होतं का? नाही. बार्ट पणजोबा माल्कमची डायरी वाचतो, म्हाताऱ्यासारखा लंगडत चालतो, धमक्या देतो, हे आधीही होतं अन् नंतरही आहे. इथं मी एक तारा द्यायचं पक्कं केलं होतं.

पण पोळा आला न मधात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आम्ही सगळे नागपूरच्या महाल भागात आत्याच्या वाड्यावर जमतो, मारबती पाहायला, म्हणजे मिरवून जाळायचे ते मोठे पुतळे. वाड्याची केस मी शाळेत होती तेव्हापासून चालू आहे, चार हिस्से, मधल्या चौकात खडूची रेघ नाही एवढंच. पिवळी मारबत गेली, काळी आली, लोक ‘ईडा पिडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत होते. काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली भोसल्यांची बाकाबाई असं सांगतात, म्हणजे घराण्यातलीच बाई, काळी करून मिरवायची अन् जाळायची. मला एकदम ती शेजारची काळ्या कपड्यातली म्हातारी आठवली, मी ताईला कोपर मारलं, तिलाही तेच आठवून राहिलं होतं.

मिरवणूक संपल्यावर मी ओट्यावर चप्पल काढली. चुलतभावाचं पोरगं, बरोब्बर नऊ वर्षांचं, हातात लाकडाचा नंदीबैल, बैलाच्या गळ्यात झेंडूची माळ. त्यानं आधी घसा खाकरला. मग हात मागे बांधून म्हणालं, “हा ओटा आमच्या हिश्श्यात आहे. तुम्ही तिकडं काढा.”

तो खाकरा आजोबांचा होता. हात मागे बांधणंही. आजोबा गेले तेव्हा हे पोरगं तीन वर्षांचं होतं, त्याला काय आठवणार. बापाकडून उचललं असेल, बापानं त्यांच्याकडून. कोणी हसलं नाही. आत्या तेवढी म्हणाली, “मले तर अंगावर काटाच आला, बाप्पा.” मी चप्पल उचलून तिकडे ठेवली.

त्या रात्री घरी येऊन फक्त बार्टची प्रकरणं परत वाचली, जोरीची सगळी सोडून. अन् तोंडात मारल्यासारखं झालं. पोरगं म्हाताऱ्यासारखं बोलतं म्हणून मी मे महिन्यात हसली होती, म्हटलं असं कुठं असतं का. त्या पोराला कोणी कोंडत नाही हे खरं, पण मेलेल्या माणसाची वही त्याच्या हातात देऊन मोकळे होतात, अन् ते पोरगं हळूहळू आवाज बदलतं, चाल बदलतं, आईकडे बघायची नजर बदलतं. तुटकी वाक्यंही मग खटकली नाहीत. ती मोठ्यांची अर्धवट कानावर पडलेली बोलणी आहेत, दाराआडून ऐकलेली. आमच्या त्या पोराला ‘हिस्सा’ शब्द माहीत आहे, पण अर्ध्याचा चतुर्थांश किती हे विचारलं तर सांगता येणार नाही.

तर आता तीन तारे. बार्टचे तीन, जोरीचा शून्य. जोरी भला पोरगा आहे, त्याचं बॅले शिकणं, आईची काळजी, सगळं ठीक, पण त्याचं प्रकरण आलं की मला कूलरची टाकी आठवते, दुसऱ्या वाचनातही. कुलपाची तक्रार मी मागे घेत नाही आहे, घाईचीही नाही. पण ‘घेऊ नका’ असं म्हणणार होती ते आता म्हणत नाही. संच घ्यायचा असेल तर घ्या, फक्त पार्सल आल्या दिवशी वाचायला बसू नका, आधी पान नंबर पाहा.

वॉलेटातल्या ५० रुपयांची मुदत संपली. तिसरा भाग परत ताईकडे गेला आहे, झेरॉक्सचे कागद १९२ अन् २२५ च्या मधात घालून वरून रबर लावलं आहे. चौथ्याचं प्लास्टिक काल फाडलं. पलंगावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं मोजली, पाऊण तास गेला, पोरं हसून राहिली होती. सगळी आहेत. वाचायला अजून घेतलं नाही.