‘ईसीएम जळाला आहे’: जेटस्कीच्या स्कॅनिंगच्या नावाखाली झालेली फसवणूक

जेटस्कीला, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या स्कूटरला, लॅपटॉप जोडायचा, पडद्यावर उमटलेला बिघाडाचा कोड मालकाला दाखवायचा, त्या कोडचा आपल्याला सोयीचा अर्थ सांगायचा आणि जो भाग कधी बदललाच नाही त्याचे पैसे घ्यायचे, अशी फसवणूक मालवण तालुक्यात आमच्या बाबतीत घडली. यात पडद्यावरचा कोड अगदी खरा होता, आणि म्हणूनच लबाडी लक्षात यायला वेळ लागला. किनाऱ्यावर हा व्यवसाय करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळा प्रकार तांत्रिक तपशिलांसह लिहीत आहे.

आमचे यंत्र सी-डू जीटीआय १३० आहे. त्याला १,४९४ सीसीचे तीन सिलिंडरांचे रोटॅक्स इंजिन आहे. ते मी आणि माझ्या धाकट्या भावाने सेकंडहँड घेतले. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे वर्षाची खरी कमाई दिवाळी आणि नाताळच्या गर्दीवर अवलंबून असते. नेमके दिवाळीच्या तोंडावर यंत्र त्रास देऊ लागले. खोल पाण्यात गेल्यावर अचानक बझर वाजे, डिस्प्लेवर इंजिनाचा दिवा लागे आणि थ्रॉटल कितीही दाबला तरी गती वाढेनाशी होई. किनाऱ्यावर आणून थोड्या वेळाने सुरू केले की सगळे पूर्ववत होई. असा अधूनमधून येणारा दोष शोधायला सर्वांत अवघड, आणि फसवणाऱ्याला सर्वांत सोयीचा.

ओळखीच्या ओळखीतून एक मेकॅनिक आला. त्याच्याकडे लॅपटॉप होता, बड्स हे सॉफ्टवेअर होते आणि यंत्राला जोडण्याची एमपीआय केबल होती. माहिती नसलेल्यांसाठी सांगतो : सी-डूच्या जुन्या यंत्रांसाठी बड्स आणि नव्या यंत्रांसाठी बड्स-२ वापरतात, यामाहासाठी वायडीएस आणि कावासाकीसाठी केडीएस अशी ज्याच्या-त्याच्या कंपनीची वेगळी सॉफ्टवेअर आहेत. ही मुळात अधिकृत डीलरांसाठी असली तरी त्यांच्या चोरट्या प्रती आणि नकली केबल ऑनलाइन सर्रास मिळतात. जुन्या मॉडेलांवर त्यांतूनही कोड बहुधा बरोबरच वाचले जातात, त्यामुळे नुसत्या लॅपटॉपवरून माणसाची पारख होत नाही.

त्याने सीट काढली, इंजिनाच्या कप्प्यात वाकून बराच वेळ वायरिंग चाचपले आणि मग केबल जोडली. पडद्यावर पी०११८ हा कोड दिसत होता आणि त्यापुढे तो दोष ‘चालू’ असल्याची नोंद होती. लॅपटॉप आमच्याकडे वळवून तो म्हणाला, “दादा, ईसीएम जळालाय. टेम्परेचरचं सर्किटच गेलंय. सीझनमध्ये चालवाल तर इंजिन जाम होईल.” ईसीएम म्हणजे इंजिनाचा संगणक. त्याने तो खोका काढून ‘तपासणीसाठी’ सोबत नेला, चाळीस हजार रुपये आगाऊ घेतले आणि काही दिवसांनी ‘नवा’ ईसीएम आणून बसवला. एकूण बिल पंच्याऐंशी हजारांचे झाले. त्यात दोन चाव्या प्रोग्रॅम करण्याचे सहा हजार रुपये वेगळे लावलेले होते आणि खाली हाताने लिहिले होते, ‘जुना ईसीएम डेड, रीडिंग नाही.’ बिलावर जीएसटी क्रमांक नव्हता. जुना खोका परत मागितला तेव्हा तो कंपनीकडे जमा करावा लागतो, असे उत्तर मिळाले.

यंत्र दिवाळीभर सुरळीत चालले. नाताळच्या आधी तोच बझर, तोच दिवा आणि तीच अडखळण पुन्हा सुरू झाली. मेकॅनिक फोन उचलेना. मग आम्ही गोव्यातून एका दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावले, आणि त्याने केलेली तपासणी प्रत्येक मालकाने समजून घ्यावी अशी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे त्याने पी०११८ या कोडचा खरा अर्थ सांगितला. कूलंटचे तापमान मोजणाऱ्या सेन्सरकडून येणारा विद्युत दाब (व्होल्टेज) मर्यादेपेक्षा जास्त आहे, एवढेच हा कोड सांगतो. या सेन्सरचा विद्युत रोध तापमान वाढेल तसा कमी होत जातो. २० अंश सेल्सिअसला तो साधारण अडीच हजार ओम असतो. सेन्सरचा कपलर, म्हणजे वायर जोडणारा प्लग, सुटला किंवा वायर तुटली तर सर्किट उघडे पडते आणि ईसीएमला हाच जास्तीचा दाब दिसतो. याउलट वायर घासून इंजिनाच्या धातूला टेकली, म्हणजे ‘अर्थ’ झाली, तर पी०११७ येतो. म्हणजे कोड सर्किटचे नाव घेतो. त्या सर्किटमधला नेमका कोणता भाग बिघडला, हे मल्टीमीटर लावूनच ठरवावे लागते. त्याने आमच्यासमोर चांगला जोडलेला कपलर ओढून काढला, तसा कोड ‘चालू’ झाला. कपलर परत बसवला, तसा तोच कोड ‘होऊन गेलेला’ या सदरात गेला. पहिला मेकॅनिक वायरिंग चाचपत इतका वेळ का वाकला होता, याचा उलगडा तेव्हा झाला.

दुसरी गोष्ट साध्या तर्काची आहे. सॉफ्टवेअर कोड वाचते ते ईसीएमच्या स्मृतीतून. ईसीएम खरोखर पूर्ण मेला असता तर लॅपटॉपशी त्याचा संपर्कच झाला नसता. ज्या खोक्यातून कोड वाचून दाखवला, त्याच खोक्याला त्या माणसाने बिलावर ‘डेड’ ठरवले होते.

तरीही पुरावा हवा होता, आणि तो त्याच सॉफ्टवेअरने दिला. यंत्र विकत घेताना आधीच्या मालकाने बड्समधून काढलेला एक छापील अहवाल कागदपत्रांसोबत दिला होता. त्यावर ईसीएमचा अनुक्रमांक होता. गोव्याच्या तंत्रज्ञाने आता वाचलेला अनुक्रमांक आकड्यास आकडा तोच निघाला. इंजिनाचे तास जुन्या अहवालापासून पुढे सलग वाढत आलेले होते. कोरा ईसीएम असता तर नोंद नव्याने सुरू झाली असती. खोक्यावरचे मूळ स्टिकर मात्र ब्लेडने खरवडलेले होते आणि कडेला त्याच्या गोंदाची रेघ तशीच राहिली होती.

चाव्यांचा मुद्दा तर त्याहून पक्का ठरला. सी-डूच्या लॅनयार्डच्या, म्हणजे चालकाने अंगाला अडकवायच्या सुरक्षा दोरीच्या, टोपीत एक सांकेतिक चिप असते. तिला डेस चावी म्हणतात. आमच्या यंत्रात चाव्यांची ओळख ईसीएमच्या स्मृतीत राहते, त्यामुळे नव्या ईसीएमला प्रत्येक चावी लॅपटॉपवरून शिकवावी लागते किंवा जुन्या ईसीएममधली माहिती वाचून नव्यात भरावी लागते. जुन्याचे रीडिंगच होत नाही, असे मेकॅनिकने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते आणि चाव्या त्याच्याकडे दोनच गेल्या होत्या. तिसरी चावी आमच्या आईच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी पडून होती. भावाने ती आणून यंत्रावरच्या चावीच्या खांबावर बसवली, तर लगेच दोन छोटे बीप वाजले. चावी ओळखली गेल्याची ती खूण असते. मेकॅनिकने कधी पाहिलीही नव्हती ती चावी त्याच्या ‘नव्या’ ईसीएमला ओळखीची होती.

खरा बिघाड काय होता, हे सांगायला फारसे काही नाही. सिलिंडर हेडवरील सेन्सरच्या कपलरमधील एका पिनेवर खाऱ्या हवेने हिरवा थर चढला होता आणि लाटांवर आदळताना तिचा संपर्क तुटत होता. पहिल्या माणसाने त्यावर बहुधा कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कोड पुसून टाकले, म्हणूनच दिवाळी निभावली. नवी पिन, जोडणीत ओल शिरू न देणारे डायइलेक्ट्रिक ग्रीस आणि तंत्रज्ञाचे येण्याजाण्याचे पैसे धरूनही खर्च पाच हजारांच्या आत आला.

यावरून काही व्यावहारिक गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मेकॅनिकने काहीही उघडण्याआधी, कोणत्याही वायरीला हात लावण्याआधी, स्कॅन करून घ्यावा आणि कोड ‘चालू’ आहे की ‘होऊन गेलेला’ आहे हे पडद्यावर स्वतः पाहावे. बड्समध्ये वाचलेली सगळी माहिती फाइल म्हणून जतन करता येते आणि अहवाल छापताही येतो. काम सुरू होण्यापूर्वीचा आणि काम संपल्यानंतरचा, असे दोन्ही मागून घ्यावेत. हे द्यायला जो टाळाटाळ करतो त्याला काम देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यासाठी त्याला दोन मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. कोणताही भाग बदलायचा असेल तर जुन्या भागाच्या अनुक्रमांकाचा फोटो घ्यावा आणि तो भाग परत मिळेल असे आधीच लिहून घ्यावे. सेन्सरच्या सर्किटचा कोड असेल तर रोध मोजून दाखवायला सांगावे; साधा मल्टीमीटर कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. ईसीएम बदलण्याचा सल्ला तर दुसऱ्या माणसाकडून पडताळल्याशिवाय मानूच नये, कारण वायरिंग आणि सेन्सर यांच्या मानाने तो क्वचितच बिघडतो.

आम्ही पोलीस ठाण्यात भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे आणि सोबत दोन्ही अहवाल, बिलाची प्रत आणि यूपीआयच्या नोंदी जोडल्या आहेत. ग्राहक आयोगाकडेही जाणार आहोत. व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसत नाही, असे आम्हाला काही जणांनी सांगितले. मात्र स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारात वापरण्यासाठी विकत घेतलेल्या वस्तूंना त्याच कायद्यात सूट आहे आणि ईसीएम ही विकत घेतलेली वस्तूच आहे, त्यामुळे आमच्यासारख्या एक-दोन यंत्रे स्वतः चालवणाऱ्यांनी एवढ्यावरून माघार घेण्याचे कारण नाही. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळते.

प्रकरण तपासात असल्यामुळे त्या मेकॅनिकचे नाव येथे देत नाही. तो सध्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या किनाऱ्यांवर कामे घेत असल्याचे दोन-तीन ठिकाणांहून कानावर आले आहे. तिकडच्या कोणाला पी०११८ दाखवून ईसीएम बदलायला सांगितले गेले असेल, तर खोका यंत्रातून बाहेर काढू देण्याआधी त्याचा अनुक्रमांक टिपून घ्यावा आणि घरातली एक चावी त्या माणसाला न दाखवता बाजूला ठेवावी.