बँडकॅम्प, मेमरी कार्ड आणि वायरचा इअरफोन: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाणी ऐकायच्या स्ट्रीमिंग ॲपच्या विद्यार्थी प्लॅनची वार्षिक पडताळणी अडकली आणि ऑफलाइन साठवलेली सगळी गाणी ॲपमध्ये एका रात्रीत बंद पडली. कॉलेजचं नाव यादीत सापडेना, आणि ओळखपत्राचा फोटो पाठवला तर ‘वैधता वाचता येत नाही’ म्हणून परत. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण ही तऱ्हा एकट्या त्या ॲपची नाही. मराठवाड्यातल्या बऱ्याच कॉलेजांच्या ओळखपत्रावर शैक्षणिक वर्ष हातानं लिहिलेलं असतं आणि पडताळणी करणाऱ्या यंत्राला ते कळत नाही. ज्यांना तिथेच राहायचंय त्यांनी ऑफिसातून इंग्रजी बोनाफाईड घ्यावं. पूर्ण नाव, चालू वर्ष, शिक्का आणि अलीकडची तारीख एवढं असलं की बहुधा काम होतं. मला मात्र दरवर्षी ही परीक्षा द्यायची नाही. म्हणून इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांबाहेर स्वतंत्रपणे काढलेलं, संगीत शोधायची आणि ऐकायची सगळी व्यवस्था फाइलींवर आणली: बँडकॅम्पवरून विकत किंवा फुकट घेतलेले अल्बम, फोनमध्ये मेमरी कार्ड, आणि साधा वायरचा इअरफोन.

बँडकॅम्प म्हणजे कलाकार आपले अल्बम थेट ऐकणाऱ्यांना विकतात ती साइट. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, कॅसेट किंवा टीशर्टसारख्या वस्तूंवर १० टक्के. पेमेंटचा खर्चही वजा जाता सरासरी ८२ टक्के रक्कम कलाकाराला किंवा लेबलला (अल्बम काढणाऱ्या कंपनीला) पोचते, असं कंपनी सांगते. २००८ साली सुरू झालेली ही साइट २०२२ मध्ये एपिक गेम्स या गेम कंपनीनं घेतली, २०२३ मध्ये साँगट्रेडर या संगीत परवाने देणाऱ्या कंपनीला विकली, आणि त्या वेळी जवळपास निम्मे कर्मचारी गेले. यातून वापरणाऱ्यानं एक गोष्ट घ्यायची: खरेदी झाल्या झाल्या फाइल उतरवून दोन ठिकाणी ठेवायची. खात्यात दिसते म्हणजे आपल्याकडे आहे असं धरू नये.

सगळ्यात मोठी अडचण पैसे भरण्याची. यूपीआय नाही. पेपाल किंवा आंतरराष्ट्रीय चालणारं डेबिट-क्रेडिट कार्ड लागतं, आणि विद्यार्थ्यांच्या खात्यावर मिळणारं साधं रुपे कार्ड इथे बहुधा चालत नाही. बँकेत जाऊन व्हिसा किंवा मास्टरकार्ड मागून घ्या. ते मिळालं तरी पहिला व्यवहार फसणारच, कारण मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नव्या कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार मुळात बंदच येतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय ऑनलाइन’ चालू करा, मर्यादा हजार-दीड हजारावर ठेवा आणि खरेदी झाली की लगेच बंद करा. परदेशी साइट अनेकदा ओटीपी विचारतच नाही, म्हणून हे बंद करणं महत्त्वाचं. वरून बँक चलनबदलाचे साधारण २ ते ३.५ टक्के घेते आणि त्या आकारावर १८ टक्के जीएसटी. सात डॉलरच्या अल्बमवर हे पंधरा ते पंचवीस रुपये होतात. मेसच्या हिशेबात ते जाणवतात, पण अल्बम कायमचा आपला राहतो.

‘नेम युअर प्राइस’ लिहिलेल्या अल्बमला किंमत शून्य टाकली तरी चालतं. कलाकारांना महिन्याला ठरावीक मोफत डाउनलोड मिळतात, ते संपले की तोच अल्बम पैसे मागायला लागतो. तसं दिसलं तर पुढच्या महिन्यात पुन्हा बघा. आणि पैसे द्यायचेच असतील तर बँडकॅम्प फ्रायडेला द्या. मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते आणि कलाकाराला सरासरी ९३ टक्के जातात. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळानं चालतो. तिकडे उन्हाळी वेळ असताना आपल्याकडे शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू होऊन शनिवारी साडेबाराला संपतो, आणि हिवाळ्यात दीड ते दीड. शुक्रवारी सकाळी खरेदी केली तर वाटा कापला जातो. दर महिन्याला हा दिवस नसतो, तारखा आधी जाहीर होतात.

आता मूळ काम, म्हणजे नवं संगीत सापडणं. स्ट्रीमिंग ॲपचं ऑटोप्ले आपण जे ऐकतो त्याच्याच आसपास फिरवत राहतं. बँडकॅम्पवर टॅग आहेत, पण नुसत्या ‘इंडी’ टॅगमध्ये शिरलात तर ढिगाऱ्यात हरवाल. कामाची गोष्ट अल्बमच्या पानावर खाली असते: ज्यांनी तो विकत घेतला त्यांची छोटी चित्रं. कमी विक्री झालेल्या, तुम्हाला मनापासून आवडलेल्या अल्बमखालचं एक चित्र दाबा. त्या माणसाचा सगळा संग्रह उघडतो. ज्याच्या संग्रहात तुमचे तीन-चार आवडते अल्बम आधीच आहेत, त्याला फॉलो करा. त्यानं पैसे मोजून घेतलंय, म्हणून त्याच्या निवडीला वजन आहे. हजारो लोकांनी घेतलेल्या अल्बमखाली हा उपाय चालत नाही, कारण तिथे सगळ्या आवडीची माणसं असतात.

दुसरी वाट लेबलची आणि श्रेयनामावलीची. रॅपर प्रभ दीपचा पहिला अल्बम आवडला तर तो काढणाऱ्या दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्सचं बाकीचं काम बघायचं. पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी हा बँड आवडला तर त्यांचा गायक सूर्यकांत साहनी ‘लिफाफा’ या नावानं वेगळं, हिंदीतलं, इलेक्ट्रॉनिक अंगाचं संगीत करतो, तिकडे जायचं. मिक्सिंग कुणी केलं, ड्रम कुणी वाजवले, हे पानाच्या तळाशी लिहिलेलं असतं आणि तीच नावं दुसऱ्या चांगल्या अल्बमांवर सापडतात. तिसरी वाट सिएटलच्या केईएक्सपी रेडिओची. तिथली सकाळ म्हणजे आपली रात्र, मेसवरून परत आल्यानंतरची वेळ. वाजणाऱ्या प्रत्येक गाण्याचं नाव, अल्बम आणि लेबल त्यांच्या साइटवर त्याच क्षणी येतं. ऐकणं चुकलं तर मागच्या दोन आठवड्यांचे कार्यक्रम पुन्हा ऐकता येतात.

मराठीसाठी मात्र बँडकॅम्प जवळजवळ रिकामं आहे. स्वदेसीसारख्या बहुभाषी हिप-हॉप मंडळींचं मराठी काम असो की खोलीत बसून रेकॉर्ड केलेली गाणी, त्यांचा मुक्काम यूट्यूबवर. तिथे नवी माणसं सापडतात ती व्हिडिओखालच्या वर्णनात: बीट कुणाची, रेकॉर्डिंग कुठे झालं, हे वाचा आणि त्या निर्मात्याचं चॅनल उघडा.

आता ज्या दोषासाठी एवढं लिहायला घेतलं तो: दोन गाण्यांमधली फट. परीक्षणांत याबद्दल क्वचितच ओळ असते आणि अल्बम ऐकणाऱ्या माणसासाठी यापेक्षा मोठा दोष नाही. लाइव्ह रेकॉर्डिंग, इलेक्ट्रॉनिक सेट, सलग रचलेले अल्बम यांत एक गाणं दुसऱ्यात मिसळलेलं असतं. तिथे अर्ध्या सेकंदाची शांतता आली की कलाकारानं रचलेला सांधाच मोडतो.

फट दोन कारणांनी येते आणि दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. पहिलं कारण एमपीथ्रीच्या रचनेत आहे. एमपीथ्री आवाजाचे ११५२ नमुन्यांचे (क्षणोक्षणीच्या मोजमापांचे) तुकडे पाडते, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांच्या नेहमीच्या दरानं एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा. गाणं बरोबर तुकड्याच्या काठावर संपत नाही, म्हणून शेवटी रिकामी जागा भरली जाते, आणि सुरुवातीलाही एन्कोडर, म्हणजे फाइल बनवणारा प्रोग्राम, थोडी शांतता घालतो. लेम नावाचा एमपीथ्री एन्कोडर ही भर किती आहे याची नोंद फाइलच्या सुरुवातीला ठेवतो. चांगला प्लेअर ती वाचून भर कापतो. साधा प्लेअर ती तशीच वाजवतो आणि सांध्यावर बारीक ‘टक’ किंवा खाच ऐकू येते. दुसरं कारण प्लेअरचं: एक फाइल संपल्यावर तो पुढची उघडायला घेतो आणि मध्ये ठळक थांबा येतो. ब्राउझरमध्ये गाणी वाजवली की बहुतेक वेळा हेच होतं.

उपाय असा: फूबार२००० हा प्लेअर फुकट आहे, अँड्रॉइडवर आणि विंडोजवर दोन्हीकडे, आणि दोन्ही कारणं नीट हाताळतो. क्रॉसफेड पूर्ण बंद ठेवा. अनेकांना वाटतं त्यानं फट जाते, पण तो एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढवतो आणि दोन्ही बिघडवतो. ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढलेल्या किंवा पुन्हा पुन्हा रूपांतर झालेल्या फाइलींमधली ती नोंद उडालेली असू शकते. त्यांना कुठलाच प्लेअर वाचवत नाही, मूळ फाइल पुन्हा उतरवायची. फ्लॅकमध्ये (आवाजातलं काहीही न गमावता साठवणाऱ्या फॉरमॅटमध्ये) हा प्रश्नच नाही, कारण तिथे नमुन्यांची नेमकी संख्या जशीच्या तशी राहते.

याच कारणानं आधी सगळं फ्लॅकमध्येच घ्यायचं ठरवलं होतं. ते मत आता बदललंय. चाळीस मिनिटांचा अल्बम फ्लॅकमध्ये साधारण २५० ते ३०० एमबी होतो, एमपीथ्री ३२० मध्ये ९६, आणि व्हीझीरोमध्ये (गरजेप्रमाणे बिटरेट बदलणाऱ्या एमपीथ्रीत) ७५ च्या आसपास. रोजच्या दीड-दोन जीबी डेटामध्ये फ्लॅकचे पाच-सहा अल्बम उतरवले की मित्रांच्या हॉटस्पॉटवर हात पसरावा लागतो. प्लेअर नीट असेल तर व्हीझीरोलाही फट येत नाही, आणि बसमध्ये किंवा देवगिरी एक्स्प्रेसमध्ये फरक ऐकू येणं फार अवघड. म्हणून फोनमध्ये व्हीझीरो, आणि खूप आवडलेल्या अल्बमचं फ्लॅक कॉलेजच्या वायफायवर उतरवून लॅपटॉपच्या हार्डडिस्कवर. बँडकॅम्प एकाच खरेदीत सगळे फॉरमॅट देतं, पुन्हा पैसे लागत नाहीत. अल्बम झिप होऊन येतो. उघडल्यावर झिप पुसा, नाहीतर जागा दुप्पट जाते.

६४ जीबीच्या कार्डात व्हीझीरोचे साडेसातशेच्या वर अल्बम मावतात. संभाजीनगरच्या पैठण गेटला किंवा इतर कुठेही कार्ड घेतलंत तरी गाणी भरण्याआधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा कार्डाची खरी जागा तपासणारा प्रोग्राम चालवा. नकली कार्ड ६४ दाखवतं आणि आत कितीतरी कमी असतं. भरलेली गाणी आधी दिसतात आणि नंतर वाजतच नाहीत. हायब्रिड स्लॉटच्या फोनमध्ये कार्डासाठी दुसरं सिम सोडावं लागतं, तेही आधी बघा.

इअरफोनवर हजार-दीड हजारापेक्षा जास्त घालू नका, पण वायरचाच घ्या. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज एसबीसी कोडेकमधून (आवाज लहान करायच्या पद्धतीतून) पुन्हा दाबला जातो. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सी जोडणी डीएसी (डिजिटल फाइलचं इअरफोनला लागणाऱ्या संकेतात रूपांतर करणारी चिप) असलेलीच मागा. बिनडीएसीची स्वस्त जोडणी अनेक फोनवर मुकीच राहते. आणि आवाज पातळ वाटला तर इअरफोन बदलायच्या आधी रबरी टिप बदलून बघा. कानात फट राहिली की बास सगळा बाहेर जातो. उन्हाळ्यात घामानं वायर कडक होते, म्हणून वायर सुटी होणारा घेतलेला बरा.

हे सगळं का लागतं? इंडी रॉकमध्ये बरेचदा धून बास गिटार धरते आणि फोनच्या स्पीकरमध्ये तो भाग जवळजवळ वाजतच नाही. बऱ्याच अल्बमांत गायकाचा आवाज मुद्दाम वाद्यांच्या पातळीवर खाली ठेवलेला असतो. सिनेमाच्या गाण्यांची सवय असलेल्या कानाला तो दबलेला वाटतो आणि दुसऱ्या मिनिटाला गाणं बदललं जातं. पहिल्यांदा न बदलता सलग ऐका. दुसऱ्यांदा शब्द आणि श्रेयनामावली समोर ठेवून. तिसऱ्यांदा चार-पाच दिवसांनी, आणि तेव्हाही काही राहिलं नसेल तर खुशाल सोडून द्या. एकच ठेका दहा मिनिटं चालवणाऱ्या संगीताला तर आपल्याकडचा कान आधीच तयार आहे. तुळजापूरच्या गोंधळात संबळ जसा तोच ताल धरून हळूहळू चढत जातो, तसंच ते आहे, घाईनं ऐकलं तर काहीच घडत नाही असं वाटतं.

अल्बमांचा आवाज कमीजास्त असेल तर फूबारमध्ये रिप्लेगेन (आवाजाची पातळी सारखी करणारी सोय) ‘अल्बम’ मोडवर ठेवा. ‘ट्रॅक’ मोडवर ठेवलं तर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणंही मोठं होतं.

आणि नांदेड, लातूर, परभणी, बीडमध्ये घरी रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी: बँडकॅम्पवर कलाकाराचं खातं फुकट निघतं. गाणं एमपीथ्रीत चढवता येत नाही, वेव्ह, एआयएफएफ किंवा फ्लॅक लागतं, म्हणून रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून सरळ वेव्ह काढा. पैसे पेपालवर येतात, ते खाते आधी उघडा. ठिकाणात ‘इंडिया’ किंवा ‘मुंबई’ न टाकता आपल्याच गावाचं नाव टाका, आणि टॅगमध्ये ‘मराठी’ लिहा, रोमन आणि देवनागरी दोन्ही लिपींत.