इंजिन तेच, पण अंगाला सगळं नव्याने शिकवावं लागलं: व्हल्कन एस आणि निंजा 650

सहा वर्षं क्रूझर (पाय पुढे ताणून निवांत बसायची लांब, बुटकी बाईक) चालवली, मग स्पोर्ट बाईक घेतली आणि क्रूझर काही विकवेना, त्यामुळे आता आज ही उद्या ती असं चाललंय. म्हणून रिव्ह्यू दोघींचा एकत्रच. कावासाकी व्हल्कन एस ही क्रूझर आणि निंजा 650 ही स्पोर्ट. गंमत म्हणजे दोघींच्या पोटात मुळात एकच इंजिन, 649 सीसीचं पॅरलल ट्विन, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सिलिंडरचं. मला वाटलं इंजिन तर ओळखीचंच आहे, फक्त बसायची पद्धत बदलेल, दोन दिवसात सवय होईल. कसलं काय.

पहिल्या दिवशी निंजावर बसलो, क्लच सोडला आणि दोन्ही पाय सवयीने पुढे गेले, तिथे नुसती हवा. गाडी चाललीये, पाय लोंबकळतायत आणि मी फूटपेग, म्हणजे पाय ठेवायची दांडी, शोधतोय. तेव्हा हसू आलं, पण ब्रेकच्या वेळी नाही आलं. क्रूझरवर मागचा ब्रेक भरपूर कामाला येतो कारण गाडी लांब आणि वजन मागे, त्यामुळे उजवा पाय आपोआपच दाबला जातो. व्हल्कनचा व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) 1575 मिमी आहे, निंजाचा 1410. आखूड गाडीवर पुढचा ब्रेक जोरात लागला की वजन सगळं पुढे येतं, मागचं चाक हलकं पडतं आणि अशात पाय जोरात दाबला की ते लॉक व्हायलाच बघतं. माझ्या बुटाखाली एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) धडधडायला लागलं तेव्हा कळलं आपण काय करतोय ते. निंजाला पुढे दोन डिस्क दिल्यात, व्हल्कनला एकच, म्हणजे काम कुणाकडून करून घ्यायचं ते गाडीच सांगते.

वळणावरचा फरक तर विचारूच नका. व्हल्कनचा रेक अँगल 31 अंश, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क बराच तिरका, सरळ रस्त्यावर हात सैल सोडून बसलात तरी गाडी रुळावर असल्यासारखी जाते पण वळवायला आतल्या बाजूचं हँडल नीट रेटावं लागतं. निंजाचा 24 अंश, वर तीस-पस्तीस किलोने हलकी. मी जुन्या हिशोबाने हँडल रेटलं आणि गाडी मला हवी त्याच्या दुप्पट आत घुसली. नजर वळणाच्या शेवटाला, गुडघे टाकीला आवळलेले आणि मनगटं सैल, एवढं जमायला मला तीन आठवडे लागले. मनगटावर रेलून बसलात तर तासाभरात मुंग्या येतात, वजन पोटाने आणि मांड्यांनी धरायचं असतं.

पण खरा धोका परत येताना आहे, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. महिनाभर निंजा चालवून व्हल्कन काढली, एका वळणावर त्याच स्पीडला गेलो आणि खर्रर्र, फूटपेग रस्त्याला घासला. चूक माझीच, क्रूझरला झुकायला जागाच कमी असते आणि डोक्यात स्पीडचा आकडा दुसऱ्या गाडीचा होता. स्पोर्टवरून क्रूझरवर येणं सोपं असं सगळे म्हणतात, मला उलटंच वाटतं. स्पोर्टवर आपण घाबरून असतो, क्रूझरवर निवांत होतो. आता गाडी बदलली की पहिली दहा मिनिटं रिकाम्या जागी दोन-चार जोरदार ब्रेक आणि इंग्रजी आठच्या आकड्याचे फेरे, मगच रस्ता.

खड्ड्यांचं म्हणाल तर निंजावर पेगवर जरा उठलं की धक्का गुडघे खातात, व्हल्कनवर पाय पुढे ताणलेले, उठणार कसं, सगळं थेट माकडहाडात. पण सीट फक्त 705 मिमी उंच, निंजाची 790, त्यामुळे सिग्नलला दोन्ही पाय आरामात टेकतात आणि ट्रॅफिकमध्ये हे फार मोठं सुख आहे.

इंजिन एकच असलं तरी स्वभाव वेगळा. व्हल्कनचा फ्लायव्हील (इंजिनची गती एकसारखी ठेवणारी जड चकती) जड केलाय, ती खालच्या आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या) गपगुमान खेचते, गिअर कमी बदलावे लागतात. निंजा 6000 च्या वर गेली की जागी होते. व्हल्कनच्या सवयीने लवकर लवकर वरचे गिअर टाकले तर निंजा मरगळल्यासारखी वाटते आणि लोक उगाच म्हणतात पिकअप नाही.

तसं बघायला गेलं तर निंजा 650 काही कट्टर सुपरस्पोर्ट नाही, हँडल बऱ्यापैकी वर आहे, म्हणून क्रूझरवाल्याने पहिली स्पोर्ट बाईक म्हणून हीच घ्यावी असं माझं मत. एकदम लीटर क्लासवर, म्हणजे हजार सीसीच्या गाडीवर, उडी मारू नका राव.

मागे बसणाऱ्याचा रिव्ह्यू मात्र छोटा आहे. निघताना बायको आधी विचारते चावी कुठली घेतलीस, निंजाची म्हटलं की म्हणते, तू हो पुढे.