तीस रॉकेटांचे हर्क्युलिस : एका फेरफाराचे परीक्षण

तेहरानमधील अमेरिकी दूतावासाजवळच्या अमजादिए स्टेडियममध्ये उतरायचे, इराणमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकी लोकांना आत घ्यायचे आणि त्याच मैदानातून उडून समुद्रातील विमानवाहू नौका गाठायची, एवढ्या एकाच कामासाठी १९८० साली सी-१३० हर्क्युलिस या मालवाहू विमानात लॉकहीड या विमान कंपनीने जो फेरफार केला, त्याचे हे परीक्षण आहे. एप्रिलमधील पहिली सुटका मोहीम इराणच्या वाळवंटातच फसली होती, त्यामुळे हे काम अवघ्या काही महिन्यांत उरकावे लागले.

विमानावर एकूण तीस रॉकेटे बसवली होती. ती नवी घडवलेली नव्हती. आस्रॉक, श्राइक अशा क्षेपणास्त्रांची तयार इंजिने वापरली होती. काही रॉकेटे मागे तोंड करून उड्डाणाला जोर देणारी, काही खाली तोंड करून उतरण्याचा वेग तोडणारी, तर आठ पुढे तोंड करून विमानाला थोपवणारी होती. शिवाय दुहेरी फटींचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेची खाली झुकणारी पाती), जादा स्थिरपंख आणि नौकेवर उतरताना तिथल्या तारेत अडकून विमान थांबवणारा आकडाही शेपटाखाली होता.

उड्डाणापुरते पाहिले, तर मी या फेरफाराला पूर्ण गुण देईन. २९ ऑक्टोबर १९८० रोजी फ्लोरिडातील वॅग्नर फील्डवर हे अवजड विमान जेमतेम दीडशे फूट धावून हवेत गेले. त्याचे चित्रण आज कुणालाही पाहता येते आणि कितीदाही पाहिले तरी डोळ्यांवर विश्वास बसत नाही.

घात झाला तो उतरताना. पुढे तोंड केलेल्या रॉकेटांपैकी वरची हवेतच पेटायची होती आणि खालची मात्र चाके टेकल्यावरच. हा क्रम सांभाळणाऱ्या संगणकाची जुळणी पुरी झाली नसल्याने कर्मचाऱ्यांनी आज्ञा हाताने देण्याचे ठरवले. वरच्या रॉकेटांच्या झगझगाटाने फ्लाइट इंजिनिअरचे डोळे दिपले, विमान टेकले असे समजून त्याने खालची रॉकेटे पेटवली, आणि पडण्याचा वेग तोडणारी रॉकेटे पेटलीच नाहीत. पुढची गती हवेतच संपलेले विमान धावपट्टीवर आदळले, उजवा पंख तुटला, आग लागली. सगळे कर्मचारी वाचले, हे मोठे भाग्य.

याचे खापर मी त्या इंजिनिअरवर फोडणार नाही. उड्डाणाचे रॉकेट पेटले नाही, तर विमान जमिनीवरच असते. उतरण्याचे रॉकेट चुकले, तर ते हवेत निराधार होते. ज्या रचनेत क्षणाचा अंदाज चुकताच पंखांखालचा आधार जातो आणि ज्याने तो अंदाज घ्यायचा त्याचेच डोळे ती रचना दिपवते, तिचा दोष रचनेतच आहे.

याच जातीचे केसी-१३०एफ विमान १९६३ मध्ये अमेरिकी नौदलाचे वैमानिक जेम्स फ्लॅटली यांनी फॉरेस्टल या विमानवाहू नौकेवर २१ वेळा पूर्ण थांबवून उतरवले होते, तेही रॉकेट आणि आकड्याशिवाय. तेथे नौकेचा वेग आणि समोरचा वारा मदतीला होता, स्टेडियममध्ये तो मिळणार नव्हता, हे मान्य. पण त्या विमानातील बदल मोजके होते आणि वैमानिकाला प्रत्येक उतरणे मध्येच सोडून पुन्हा वर जाता येत होते. रॉकेटांनी गती मारल्यावर ही मुभा उरत नाही.

ओलीस २० जानेवारी १९८१ रोजी वाटाघाटींनी सुटले. या फेरफाराच्या प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातील अनुभव पुढे एमसी-१३०एच कॉम्बॅट टॅलन २ या हर्क्युलिसच्याच जातीच्या विमानांच्या कामी आला. त्यांच्यावर पुढे तोंड केलेले एकही रॉकेट नव्हते.