घोटा जबर मुरगळल्यावर: दहा दिवस फायबर कास्ट, मग ब्रेस (सहा महिन्यांच्या वापरानंतर)

हरिहर गडाच्या पायऱ्यांवर घोटा मुरगळून टम्म सुजला की नाशकात सगळे सांगतात, क्रेप बँडेज बांधा आणि शेका. शेक पहिले दोन-तीन दिवस नकोच, सूज वाढते. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला (खालच्या 6 सेंमीत) दाबल्यावर दुखत असेल, तर आधी एक्स-रे.

हाड शाबूत असलं तरी पाय टेकवत नसेल, तर कास्ट (गुडघ्याखाली बसवलेलं कडक प्लास्टर) घ्यावा. 2009 साली लॅन्सेटमध्ये आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत 584 रुग्ण होते. 10 दिवसांचं गुडघ्याखालचं प्लास्टर 3 महिन्यांनी नळीच्या इलॅस्टिक बँडेजपेक्षा सरस ठरलं, हवेचा ब्रेसही (घोट्याला दोन्ही बाजूंनी आधार देणारा पट्ट्यांचा आधार) काही बाबतींत बरा निघाला. वॉकर बूटचा (पट्ट्यांनी बांधायचा कडक उंच बूट) मात्र बँडेजपेक्षा फायदा दिसला नाही. 9 महिन्यांनी सगळे सारखेच. म्हणजे कास्टचा फायदा पहिल्या तीन महिन्यांपुरता, पण रोज जिने चढणाऱ्याला तेच महिने जड जातात.

कास्ट पहिल्याच दिवशी चढवू नये. दोन-तीन दिवस पाय उंच ठेवून सूज उतरू द्यावी, नाहीतर नंतर आत पाय खुळखुळतो. पाऊल काटकोनात हवं. बोटं खाली झुकलेली राहिली तर पोटरी आखडते. वरची कड गुडघ्याच्या बाहेरच्या उंचवट्यापासून दोन बोटं खाली, तिथली नस दबली तर पाऊल उचलता येत नाही. फायबरग्लासचा कास्ट अर्ध्या तासात वजन पेलतो, साध्या प्लास्टरला दोन दिवस लागतात आणि पावसात ते मऊ पडतं. फायबर भिजला तरी चालतो, हा गैरसमज! आतला कापूस ओला राहून कातडी सोलवटते. बोटं निळी-बधिर पडली किंवा पोटरी दुखून तटतटली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धाप लागली तर थेट इमर्जन्सीत. उजव्या पायात कास्ट असेल तर मोटारसायकलचा पायाचा ब्रेक दाबता येत नाही, दुचाकी विसरा.

कास्ट निघाल्यावर ब्रेस, मोज्यावरून. आधी खालचा पट्टा, मग वरचा. बूट एक नंबर मोठा लागतो. दीड-दोन महिन्यांत वेल्क्रोत धागे अडकून पकड सुटते. जुन्या टूथब्रशने ते काढले की पुन्हा चिकटतं. घामाचा वास मात्र धुऊनही पुरता जात नाही.

ब्रेस घातला म्हणून व्यायाम टाळलात, तर घोटा पुन्हा मुरगळणार. दात घासताना एका पायावर उभं राहा. डोळे मिटून 30 सेकंद तोल सांभाळता येईपर्यंत अंजनेरीचा गड नको.