यंत्राने वाचला म्हणून बारकोड खरा ठरत नाही : कोकणातील एका लघुउद्योजकाचा अनुभव

घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय गावाबाहेरच्या दुकानांपर्यंत नेऊ पाहणाऱ्यांसाठी, विशेषतः बचत गट चालवणाऱ्या भगिनींसाठी, हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ आमच्या कुटुंबाचा कोकम आगळ, आमसुले आणि मालवणी मसाला तयार करण्याचा छोटा उद्योग आहे. जत्रा, प्रदर्शने आणि ओळखीची किराणा दुकाने एवढ्यावर तो चालत होता, तोवर बारकोडची गरज पडली नव्हती. पुढे पुण्यातील एका सुपरमार्केट साखळीने आमचा माल ठेवण्याची तयारी दाखवली आणि प्रत्येक पॅकेटवर बारकोड असलाच पाहिजे, अशी अट घातली. लेबले छापून देणाऱ्याच्या ओळखीतून, सर्व प्रकारच्या नोंदण्या करून देतो म्हणणारा एक सल्लागार त्याच सुमारास आमच्याकडे आला.

बारकोड आता कायद्याने बंधनकारक झाला आहे, तो नसेल तर दंड होतो, आपल्याकडे आंतरराष्ट्रीय नोंदणी झालेले कोड तयार आहेत आणि एकदा पैसे भरले की आयुष्यभर नूतनीकरण करावे लागत नाही, असे त्याने सांगितले. यातले एकही विधान खरे नव्हते. पॅकेटवर काय छापावे हे सांगणाऱ्या २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क हे तपशील द्यावे लागतात. खाद्यपदार्थांवर अन्न सुरक्षा परवान्याचा १४ अंकी क्रमांकही लागतो. बारकोडची सक्ती यांत नाही. तो दुकानदाराला हवा असतो, कारण त्याच्या बिलिंगची आणि साठ्याची सगळी नोंद त्या क्रमांकावर चालते.

पैसे दिल्यावर त्याच्याकडून प्रत्येक उत्पादनासाठी एकेक बारकोडचे चित्र आले आणि सोबत सोनेरी शिक्क्याचे एक प्रमाणपत्र आले. त्याने आमच्यासमोर मोबाइल धरून प्रत्येक चित्र वाचून दाखवले. पडद्यावर तेरा अंक उमटले, सुरुवातीला भारताचे म्हणून ओळखले जाणारे ८९० होते, आणि एका संकेतस्थळावरील तपासणीत तोच क्रमांक 'वैध' असल्याचा हिरवा शेराही आला. सामान्य माणसाला याहून अधिक पुरावा काय हवा असतो? फसवणुकीचे सारे बळ या हिरव्या शेऱ्यातच आहे, म्हणून तो कसा मिळतो ते नीट समजून घेणे आवश्यक आहे.

किरकोळ विक्रीच्या मालावरील बारकोडमध्ये आपल्याकडे सहसा तेरा अंक असतात आणि त्यातील शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांवरून काढलेला ताळ्याचा अंक असतो. डावीकडून पहिल्या अंकाला एकने, दुसऱ्याला तीनने, तिसऱ्याला पुन्हा एकने असे आळीपाळीने गुणून बेरीज करायची आणि ती पुढच्या दशकापर्यंत न्यायला जेवढे कमी पडतील तेवढा ताळ्याचा अंक घ्यायचा. केवळ आकडेमोडीसाठी ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घेतले, तर बेरीज १३० येते, म्हणजे काहीच कमी पडत नाही आणि तेरावा अंक शून्य ठरतो. ही पद्धत टंकलेखनातील चुका पकडण्यासाठी आहे आणि ते काम ती चांगले करते : एखादा अंक चुकला तर तो हमखास सापडतो, शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा सापडतात, फक्त १ आणि ६ किंवा २ आणि ७ यांसारखे पाचच्या फरकाचे अंक एकमेकांच्या जागी गेले तर बेरीज बिघडत नाही. मात्र हा क्रमांक कोणाला दिला आहे, दिलाच आहे की नाही, याबद्दल ताळ्याचा अंक काहीही सांगत नाही. शाळेतला मुलगाही कागदावर असे हजारो 'वैध' क्रमांक तयार करू शकेल. संकेतस्थळाचा हिरवा शेरा त्या बेरजेपुरताच होता.

खरा प्रकार उघड झाला तो माल पुण्याच्या गोदामात पोहोचल्यावर. आगळाच्या बाटलीवरचा कोड तिथल्या यंत्राने वाचला आणि संगणकावर दुसऱ्याच कंपनीच्या अगरबत्तीचे नाव व किंमत आली. बाकीच्या कोडपैकी काही त्यांच्या नोंदीत नव्हते, पण त्यांचेही पहिले दहा अंक त्याच अगरबत्तीच्या कंपनीचे होते. त्या माणसाने एका नोंदणीकृत कंपनीचा क्रमांक उचलून त्यापुढचे क्रमांक स्वतः रचले होते आणि प्रत्येकाचा ताळ्याचा अंक बिनचूक बसवला होता. सुपरमार्केटने माल परत पाठवला. त्या वेळी मसाल्याच्या पाकिटांचे छापील रोल आमच्याकडे पडून होते, बाटल्यांना लेबले लागली होती, आणि कोकमाच्या हंगामात फळ विकत घेण्यासाठी ठेवलेली रक्कम छपाईत गुंतली होती. कोडसाठी दिलेल्या पैशापेक्षा हे नुकसान कितीतरी मोठे होते. नव्या पुरवठादाराचा पहिलाच माल असा परत गेला की पुन्हा दार उघडायला वेळ लागतो, तो तोटा तर कोणत्याही हिशेबात दाखवता येत नाही.

त्यानंतर योग्य मार्गाची माहिती घेतली, ती अशी. ८९० ने सुरू होणारे क्रमांक देण्याचा अधिकार भारतात जीएस१ इंडिया या संस्थेकडे आहे. वाणिज्य मंत्रालय आणि उद्योग संघटना यांच्या पुढाकाराने ती १९९६ मध्ये स्थापन झाली. संस्था अर्जदार व्यवसायाच्या नावाने कंपनीचा आरंभीचा क्रमांक देते. शंभर उत्पादनांची सोय हवी असेल तर पहिले दहा अंक त्या व्यवसायाचे होतात, पुढचे दोन उत्पादनासाठी राहतात आणि तेरावा ताळ्याचा असतो. शुल्क व्यवसायाच्या उलाढालीवर आणि हव्या असलेल्या कोडच्या संख्येवर ठरते, म्हणून उलाढालीचा कागद द्यावा लागतो, आणि ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते. आमच्याकडे आलेल्या माणसाने यातला कोणताही कागद मागितला नव्हता. अर्ज भरायला कोणाची मदत घेण्यात गैर नाही, परंतु नोंदणी आपल्या व्यवसायाच्या नावाने आणि पैसे थेट संस्थेच्या खात्यात, यात तडजोड करू नये. हेही लक्षात ठेवावे की ८९० या अंकांवरून माल भारतात बनला असे ठरत नाही. क्रमांक घेणारा व्यवसाय भारतातील संस्थेकडे नोंदलेला आहे एवढेच त्यातून कळते.

तपासणीचा मार्ग सोपा आहे. जीएस१ च्या संकेतस्थळावर 'व्हेरिफाइड बाय जीएस१' ही सोय आहे. तिथे तेरा अंक टाकले की तो क्रमांक कोणत्या कंपनीच्या नावे आहे ते दिसते. तिथे आपल्याच व्यवसायाचे नाव दिसले पाहिजे. दुसऱ्याचे नाव आले किंवा नोंद सापडली नाही, तर छपाईला होकार देऊ नये, मग विक्रेत्याचे प्रमाणपत्र कितीही देखणे असो.

ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना आणखी एका प्रकारापासून जपले पाहिजे. अमेरिकेत २००२ पूर्वी काही कंपन्यांनी घेतलेल्या क्रमांकांवर वार्षिक शुल्क लागत नाही. असे जुने क्रमांक सुटे करून जगभर स्वस्तात विकले जातात आणि 'कायमस्वरूपी' ही जाहिरात बहुधा त्यांचीच असते. ते बनावट नसले तरी नोंद मूळ कंपनीच्या नावावर दिसते, आणि अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठा क्रमांक जीएस१ च्या नोंदीशी ताडून पाहत असल्यामुळे उत्पादन नाकारले जाऊ शकते. तसेच २० ते २९ ने सुरू होणारे तेरा अंकी क्रमांक दुकानांच्या अंतर्गत वापरासाठी राखीव आहेत, सुट्ट्या मालाच्या वजनाच्या चिठ्ठीवर ते दिसतात. असे क्रमांक कोणी उत्पादनासाठी विकत असेल तर ते घेऊ नयेत.

छपाईबद्दलही एक सांगितले पाहिजे, कारण कोकमवाल्यांना हा मोह हमखास होतो. त्या माणसाने आमच्या लेबलाला शोभतील अशा लाल रेघा काढून दिल्या होत्या. दुकानातली बरीच यंत्रे लाल प्रकाशाने वाचतात, त्या प्रकाशात लाल रेघ पांढऱ्या कागदात विरून जाते. मोबाइलचा कॅमेरा मात्र ती वाचतो. पांढऱ्यावर काळ्या रेघा आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा, हेच सुरक्षित आहे.

तक्रार करताना लक्षात आले की त्याने दिलेली पावती 'डिझाइन शुल्क' या नावाने होती, म्हणजे आपण फक्त चित्रे विकली असे म्हणायला त्याने वाट ठेवली होती. सुदैवाने 'नोंदणीकृत कोड' असा उल्लेख असलेले त्याचे व्हॉट्सॲपवरील संदेश आमच्याकडे होते. ते, पावती, प्रमाणपत्र आणि सुपरमार्केटचे माल परत केल्याचे पत्र जोडून आम्ही पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली आहे. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइन क्रमांकावर लगेच कळवावे, कारण लवकर कळवले तर रक्कम गोठवण्याची शक्यता अधिक असते. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालत नाही असे आम्हाला काहींनी सांगितले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तू व्यावसायिक हेतूच्या मानलेल्या नाहीत, पण त्या स्पष्टीकरणात सेवांचा उल्लेख नाही, म्हणून आधी सल्ला घ्यावा, आणि प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मिळते. ज्या कंपनीचे अंक वापरले गेले तिलाही आम्ही लेखी कळवले आहे. त्या अंकांवरून आणखी कोणाकोणाची पॅकेटे छापली गेली असतील ते तिच्या तक्रारीतूनही पुढे येऊ शकेल, म्हणून ज्यांनी अशाच प्रकारे कोड घेतले आहेत त्यांनी आपले अंक आज तपासावेत आणि नाव दुसऱ्याचे निघाले तर त्या कंपनीला पत्र पाठवून त्याची पोच तक्रारीला जोडावी.