नावांच्या शोधासाठी फंक्शनवर बांधलेला इंडेक्स : एका कापूस हंगामाचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये कापूस खरेदीची नोंद ठेवणारी संगणक प्रणाली मी सांभाळतो. काटा पावती, शेतकऱ्याचे खाते, गाडीचा नंबर, गावाचे नाव आणि चुकाऱ्याची (कापसाच्या पैशांची) स्थिती एवढाच तिचा आवाका आहे. परंतु दिवाळीनंतर आवक वाढली की दिवसभर काट्यापुढे रांग असते आणि खिडकीवरच्या दिवाणजींना समोर उभ्या असलेल्या माणसाचे खाते काही क्षणांत सापडावे लागते. डेटाबेस पोस्टग्रेएसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) आहे, हंगाम सुरू झाला तेव्हा आवृत्ती १६ होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मी त्यात पहिल्यांदाच फंक्शनवर आधारलेले इंडेक्स तयार केले आणि मे २०२५ पर्यंत, म्हणजे सुमारे आठ महिने, ते रोजच्या कामात वापरले. हे लिखाण त्या वापराविषयी आहे.

इंडेक्स म्हणजे नोंद चटकन सापडावी म्हणून डेटाबेसने ठेवलेली सूची, आणि फंक्शन म्हणजे मूल्य घेऊन त्यावरून उत्तर काढणारी सूचनावली. साधा इंडेक्स स्तंभातील मूल्य जसेच्या तसे क्रमाने लावून ठेवतो. फंक्शनवरचा इंडेक्स त्या मूल्यावर प्रक्रिया करून आलेले उत्तर साठवतो, आणि शोधताना क्वेरीतही (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातही) तीच प्रक्रिया लिहिलेली असेल तरच तो कामी येतो. ओरॅकल या दुसऱ्या डेटाबेसने ही सोय १९९९ च्या सुमारास ८आय आवृत्तीत आणली, मायएसक्यूएल या तिसऱ्या डेटाबेसमध्ये ती ८.०.१३ पासून, २०१८ मध्ये आली. तिन्ही ठिकाणी कल्पना एकच असली तरी नियम वेगळे आहेत. मायएसक्यूएलमध्ये आपण स्वतः लिहिलेले फंक्शन अशा इंडेक्समध्ये घालताच येत नाही, केवळ अंगभूत फंक्शने चालतात. माझे सगळे काम स्वतःच्या फंक्शनवर उभे असल्यामुळे हा फरक माझ्यासाठी निर्णायक ठरला.

सुरुवात गाडीच्या नंबरापासून केली, कारण तो प्रश्न सर्वांत सोपा होता. एमएच २९ नंतर कोणी रिकामी जागा सोडतो, कोणी आडवी रेघ देतो, कोणी सगळे सलग लिहितो, आणि अक्षरे कधी मोठ्या तर कधी लहान लिपीत असतात. रेघा व रिकाम्या जागा काढून सर्व अक्षरे मोठी करणारी अभिव्यक्ती (म्हणजे फंक्शनांनी बनलेले सूत्र) इंडेक्समध्ये घातली आणि क्वेरीतही तीच वापरली. एक गोष्ट येथे नोंदवतो : अभिव्यक्ती एकाच फंक्शनची नसेल तर ती स्वतंत्र कंसात ठेवावी लागते, नाही तर व्याकरणाची चूक दाखवली जाते, आणि त्या संदेशावरून खरे कारण चटकन लक्षात येत नाही. आमच्याकडे अजूनही काही कापूस बैलबंडीने येतो आणि बंडीला नंबर नसतो, म्हणून ज्या नोंदींत नंबर आहे तेवढ्यांपुरताच इंडेक्स केला. हा इंडेक्स आठ महिन्यांत एकदाही अडला नाही.

नावांचे प्रकरण मात्र खोल निघाले, आणि हा अनुभव लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

आमच्या जुन्या नोंदी एका जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आणलेल्या आहेत, नव्या नोंदी दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवरून टंकल्या जातात. परिणाम असा की वऱ्हाडे, गोऱ्हे, कऱ्हाळे यांसारखी आडनावे पडद्यावर तंतोतंत सारखी दिसतात, पण डेटाबेसच्या दृष्टीने वेगळी असतात. त्यातला अर्धा र, ज्याला युनिकोडच्या तक्त्यात पापणीसारखा र म्हटले आहे, दोन रीतींनी लिहिला जातो : एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्यापुढे हलन्त येतो, दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह येते. युनिकोडचे प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एका ठरीव रूपात आणणे), जे पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १३ पासून अंगभूत फंक्शन म्हणून मिळते, र आणि खालचा नुक्ता एकत्र करून ऱ करते; परंतु जोडचिन्हाच्या रीतीला ते हात लावत नाही. ज्या प्रदेशाचे नावच वऱ्हाड आहे तेथे ही अडचण किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही.

म्हणून मी एक फंक्शन लिहिले. ते नाव घेते, प्रमाणीकरण करते, न दिसणारी चिन्हे काढते, अनेक रिकाम्या जागांची एक जागा करते आणि स्वच्छ रूप परत देते. इंडेक्स तयार करताना पोस्टग्रेसने लगेच अडवले, कारण इंडेक्समध्ये येणारे फंक्शन इम्यूटेबल म्हणून घोषित असावे लागते. याचा अर्थ असा की तेच मूल्य दिले असता ते कायम तेच उत्तर देईल, भाषा, कालक्षेत्र किंवा दुसऱ्या तक्त्यातील माहिती यांवर ते अवलंबून राहणार नाही, असे वचन आपण देतो. ओरॅकलमध्ये याच जागी डिटरमिनिस्टिक हा शब्द लिहावा लागतो. ध्यानात ठेवण्याची बाब ही की डेटाबेस हे वचन पडताळून पाहत नाही. आपण लिहिलेला शब्द तो खरा मानतो आणि त्याच्या आधारावर उत्तरे देत राहतो.

माझे पहिले फंक्शन या कसोटीला उतरत होते, चूक वेगळीच होती. मी न दिसणारे जोडचिन्ह आधी काढत होतो. जोडचिन्ह निघाले की र आणि हलन्त उरतात, त्यांचा रफार होतो, आणि वऱ्हाडे हे नाव वर्हाडे असे साठवले जाते. दुसऱ्या रीतीने लिहिलेले तेच नाव मात्र ऱ सह जसेच्या तसे राहते. ऑक्टोबरमध्ये हे लक्षात आल्यावर मी क्रम बदलला : आधी र, हलन्त आणि जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त ठेवायचे, मग उरलेली न दिसणारी चिन्हे काढायची. फंक्शन त्याच नावाने बदलून टाकले, दोन-चार नव्या नोंदी करून शोध घेतला, सगळ्या सापडल्या, क्वेरी कशी चालेल ते दाखवणाऱ्या एक्सप्लेनमध्येही इंडेक्स वापरला जात असल्याचे दिसले आणि मी समाधानाने उठलो.

नोव्हेंबरमध्ये एक वयस्क शेतकरी चुकाऱ्यासाठी खिडकीवर आले आणि त्यांचे खाते सापडेना. दिवाणजींनी नाव तीनदा टंकून पाहिले. "भाऊ, मागच्या साली याच काट्यावर कापूस मोजला, अन् आता नाव नाही म्हन्ता?" असे ते म्हणाले, आणि त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. दिवाणजींनी जुन्या वहीतून खाते क्रमांक काढून काम पुढे नेले, पण त्या माणसाला दोन तास ताटकळावे लागले याचे मला मनापासून वाईट वाटले.

त्या संध्याकाळी कारण शोधले. एकाच शोधाची दोन रीतींनी तुलना केली : एकदा नेहमीप्रमाणे, आणि एकदा त्या सत्रापुरते इंडेक्स स्कॅन व बिटमॅप स्कॅन हे इंडेक्स वापरण्याचे दोन्ही पर्याय बंद करून. पहिल्या वेळी एकही ओळ मिळाली नाही, दुसऱ्या वेळी खाते समोर आले. फंक्शन बदलल्यावर पोस्टग्रेस इंडेक्स पुन्हा बांधत नाही. जुन्या नोंदींची जुन्या फंक्शनने काढलेली रूपे इंडेक्समध्ये तशीच राहिली होती, शोधाचे नाव मात्र नव्या फंक्शनमधून जात होते, त्यामुळे दोघांची गाठच पडत नव्हती. नव्या नोंदी नव्या फंक्शनने साठवल्या जात असल्यामुळे माझी चाचणी यशस्वी ठरली होती. इंडेक्स नव्याने बांधणाऱ्या रीइंडेक्सचा एक आदेश दिला आणि प्रश्न सुटला. ओरॅकलमध्ये असे आधारभूत फंक्शन अवैध झाले किंवा काढून टाकले तर इंडेक्स डिसेबल्ड म्हणून नोंदवला जातो आणि क्वेरी चूक दाखवून थांबते. तरी तेथेही फंक्शनचा अर्थ बदलल्यास इंडेक्स पुन्हा बांधण्याची जबाबदारी आपलीच असते. थांबणारी क्वेरी त्रासदायक असते, परंतु शांतपणे चुकीचे उत्तर देणाऱ्या क्वेरीपेक्षा मी तिला केव्हाही अधिक पसंती देईन. त्यानंतर फंक्शनमध्ये बदल आणि रीइंडेक्स हे दोन्ही मी एकाच फाइलमध्ये लिहितो, आणि वर सांगितलेली दोन रीतींची तुलना जुन्या नोंदींवर करूनच ती फाइल बाजूला ठेवतो.

इंडेक्स आहे, पण वापरलाच जात नाही, ही तक्रार मला दोनदा अनुभवावी लागली. पहिल्या वेळी अहवालाच्या क्वेरीत फंक्शनच्या आत आणखी एक ट्रिम (कडेच्या रिकाम्या जागा काढणारे फंक्शन) घातलेले होते. अभिव्यक्ती इंडेक्समधल्याशी जुळत नसेल तर अर्थ एकच आहे की नाही हे डेटाबेस तपासत बसत नाही. दुसऱ्या वेळी कारण आकडेवारीचे होते, जिच्यावरून डेटाबेस शोधाची पद्धत ठरवतो. अभिव्यक्तीच्या मूल्यांची आकडेवारी इंडेक्स बांधताना गोळा होत नाही, ती अॅनालाइझ हा आदेश चालवल्यावरच होते. आणि केवळ नवा इंडेक्स बांधला म्हणून आपोआप होणारे अॅनालाइझही सुरू होत नाही, कारण ते ओळींमधील बदलांच्या संख्येवर चालते. आकडेवारी नसताना पोस्टग्रेस वेगळी मूल्ये २०० असल्याचे गृहीत धरतो, म्हणजे ४ लाख ओळींच्या तक्त्यात एका नावामागे सुमारे २,००० ओळी येतील असा त्याचा अंदाज निघतो. एका शेतकऱ्याच्या पावत्या फार तर वीस-पंचवीस असतात. या चुकीच्या अंदाजामुळे नाव आणि पावत्या यांची जोडणी तो भलत्याच पद्धतीने करत होता आणि अहवालाला सहा-सात सेकंद लागत होते. अॅनालाइझ केल्यावर तोच अहवाल बटण दाबताच येऊ लागला.

दिवाणजी पूर्ण नाव क्वचितच टंकतात, पहिली तीन-चार अक्षरे देऊन यादी मागतात. आमच्या डेटाबेसची क्रमवारी सी लोकॅलची (निव्वळ बाइटांच्या क्रमाची) नसल्यामुळे लाइकच्या, म्हणजे सुरुवातीच्या अक्षरांवरून केलेल्या, शोधाला साधा बी-ट्री (नेहमीच्या प्रकारचा) इंडेक्स उपयोगी पडला नाही. त्यासाठी टेक्स्ट पॅटर्न ऑप्स हा ऑपरेटर वर्ग (मूल्यांची तुलना कशी करायची ते ठरवणारा पर्याय) देऊन तो पुन्हा बांधावा लागला.

तारखेवरचा इंडेक्स मी बांधला आणि काढून टाकला. काट्याची वेळ कालक्षेत्रासह साठवलेली आहे, तिची तारीख काढणे हे सत्राच्या कालक्षेत्रावर अवलंबून असते, म्हणून पोस्टग्रेस त्यावर इंडेक्स करू देत नाही. त्याभोवती स्वतःचे फंक्शन गुंडाळून त्यावर खोटेच इम्यूटेबल लिहिण्याचा सल्ला अनेक ठिकाणी वाचायला मिळतो आणि तो मला घातक वाटतो. हंगामात पहाटेच्या गाड्या काट्यावर लागतात. एखादे सत्र यूटीसीमध्ये (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) चालले तर भारतीय वेळेनुसार सकाळी साडेपाचपूर्वीची प्रत्येक पावती आदल्या दिवसात जाईल, आणि त्या दिवशीचा भाव वेगळा असेल तर प्रश्न थेट शेतकऱ्याच्या पैशांचा होतो. आशिया/कोलकाता हे कालक्षेत्र स्पष्ट लिहून मग तारीख काढली तर ती अभिव्यक्ती खरोखर इम्यूटेबल असते आणि इंडेक्स होतो. तो मी काही आठवडे वापरला. पण दिवसाची सुरुवात आणि दुसऱ्या दिवसाची सुरुवात या दोन वेळांमधील नोंदी मागितल्या की मूळ स्तंभावरचा साधा इंडेक्स तेच काम करतो, हे कळल्यावर तो ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही.

वीजपुरवठ्याचा फटकाही एकदा बसला. काटा चालू असताना नोंदी थांबू नयेत म्हणून मी कॉन्करन्टली पर्याय देऊन इंडेक्स बांधत होतो, मध्येच वीज गेली आणि इन्व्हर्टरनेही साथ दिली नाही. अशा वेळी अर्धवट इंडेक्स इनव्हॅलिड या खुणेसह मागे राहतो. शोधासाठी तो वापरला जात नाही, नव्या नोंदींचा भार मात्र वाहत राहतो. तक्त्याचे वर्णन पाहिल्यावर तो दिसला, काढून टाकून पुन्हा बांधला.

एप्रिलमध्ये खरेदी उरकल्यावर डेटाबेस नव्या यंत्रावर, आवृत्ती १७ मध्ये हलवला. नोंदी सर्व आल्या, पण नावांचा इंडेक्स आला नाही. माझे फंक्शन रिकाम्या जागा आवरण्यासाठी दुसऱ्या एका छोट्या फंक्शनला बोलावत होते आणि त्याच्या नावाआधी मी स्कीमा (ते डेटाबेसच्या ज्या विभागात आहे त्याचे नाव) लिहिलेला नव्हता. बॅकअप परत चढवताना शोधमार्ग (स्कीमा न लिहिलेली नावे कुठे शोधायची त्याची यादी) रिकामा ठेवलेला असतो, त्यामुळे ते छोटे फंक्शन अस्तित्वात नाही असा संदेश येऊन इंडेक्सची निर्मिती फसली होती, आणि इतर शेकडो ओळींत तो संदेश माझ्या नजरेतून सुटला. आवृत्ती १७ ने हा नियम इंडेक्स बांधणे, रीइंडेक्स आणि अॅनालाइझ यांनाही लागू केला आहे, म्हणून स्कीमा लिहिणे किंवा फंक्शनच्या व्याख्येतच शोधमार्ग ठरवून देणे आता टाळता येणार नाही.

आता पुन्हा सुरुवात करायची झाली तर गाडीच्या नंबरासाठी मी हाच मार्ग घेईन. नावांसाठी मात्र आवृत्ती १२ पासून मिळणारा जनरेटेड स्तंभ (इतर स्तंभांवरून आपोआप काढून साठवला जाणारा) घेऊन त्यावर साधा इंडेक्स बांधेन. इम्यूटेबलची अट त्यालाही आहे आणि फंक्शन बदलल्यावर जुनी मूल्ये तोही आपोआप बदलत नाही. परंतु साठवलेले रूप डोळ्यांनी पाहता येते, आणि नोव्हेंबरच्या त्या दिवशी वर्हाडे हे रूप मला तक्त्यात सरळ दिसले असते तर संध्याकाळ वाया गेली नसती. स्वच्छ नाव आणि गाव मिळून एकमेव असावे अशी अट घालण्याचा विचारही केला होता, तो सोडला, कारण एकाच गावात एकाच नावाची दोन माणसे आमच्या यादीत खरोखर आहेत.

सुमित आणि सुमीत यांसारखे ऱ्हस्व-दीर्घाचे भेद मी या फंक्शनमध्ये मुद्दाम घातलेले नाहीत. पापणीच्या र च्या दोन रीती हे एकाच अक्षराचे लेखन आहे, ऱ्हस्व-दीर्घ मात्र माणसाने स्वतःच्या नावाची केलेली निवड असू शकते. तेथे यादी समोर ठेवून दिवाणजी गाव आणि वडिलांचे नाव विचारतात व खाते निवडतात, आणि येत्या हंगामातही हे काम त्यांच्याकडेच राहील.